सीजीएचवर ॲस्टिग्मॅटिझम उरतोय: दोष आरशाचा, होलोग्रामचा की बसवण्याचा?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. १५० मिमी व्यासाचा, अंतर्गोल, ऑफ-ॲक्सिस ॲस्फेरिक आरसा आहे, म्हणजे गोलाचा नसलेल्या आकाराच्या मोठ्या आरशाचा, त्याच्या अक्षापासून बाजूला असलेला तुकडा. पॉलिशिंग करणाऱ्यांनी प्रोफाइलोमीटरचा (पृष्ठभागावर सुई फिरवून आकार मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख देऊन आकार बरोबर असल्याचं सांगितलंय. तुम्ही सीजीएच, म्हणजे संगणकाने आखलेला होलोग्राम, लावून फिझो इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींच्या तुलनेने आकार मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलं, तेव्हा पृष्ठभागावर सुमारे ९० नॅनोमीटर पीव्ही (सर्वात उंच ते सर्वात खोल बिंदू) ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन लंब दिशांना वेगवेगळा वाक, उरला. टिल्ट आणि फोकस कितीही फिरवले तरी तो जात नाही. आरसा काढून पुन्हा बसवला की थोडा बदलतो. होलोग्राम बनवणारे म्हणतात त्यांचा होलोग्राम चोख आहे. तुम्हाला जाणून घ्यायचंय की खरं कोणाचं, आणि आरसा परत पॉलिशला पाठवायचा का.

अजून पाठवू नका. ९० नॅनोमीटरचा ॲस्टिग्मॅटिझम पॉलिश करून काढता येतो. पण तो आरशात नसेल तर चांगल्या आरशात तेवढाच उलटा ॲस्टिग्मॅटिझम कोरून ठेवाल, आणि त्याच चुकीच्या मांडणीत तो आरसा उत्तम दिसेल.

तुम्ही संशय दोघांवरच घेतलाय, आरसा आणि होलोग्राम. माझ्या अनुभवात संशयित चार असतात. तिसरी असते आरसा आणि होलोग्राम यांची एकमेकांसापेक्ष जागा, आणि चौथा असतो आरसा ज्यात धरलाय तो माउंट. होलोग्राम काय करतो ते बघा. इंटरफेरोमीटरमधून आलेला वेव्हफ्रंट, म्हणजे प्रकाशलहरीचा पृष्ठभाग, तो असा वाकवतो, की डिझाइनमधल्या आरशावर, डिझाइनमधल्या जागी, प्रत्येक किरण लंब पडावा आणि आला त्याच वाटेने परत जावा. ‘डिझाइनमधल्या जागी’ ही अट आपण पटकन विसरतो. गोल आरसा तपासताना तो थोडा सरकला तर फक्त टिल्ट येतो, कारण गोलाचा आकार कुठेही सारखाच. ऑफ-ॲक्सिस आरशाचं तसं नाही. तो सरकला की होलोग्रामच्या दृष्टीने समोर वेगळाच आरसा आलेला असतो.

किती वेगळा, ते आकड्यांत बघू. तुमचं पूर्ण प्रिस्क्रिप्शन, म्हणजे आरशाच्या आकाराचे आकडे, प्रश्नात नाही, म्हणून एक उदाहरण धरतो. मूळ आरशाची वक्रता त्रिज्या १००० मिमी, आकार पॅराबोलाच्या जवळपास, आणि तुमच्या तुकड्याचा मध्य मूळ अक्षापासून २०० मिमीवर. अशा तुकड्याचा जवळात जवळच्या गोलापासून जो फरक असतो, त्यात एकट्या ॲस्टिग्मॅटिझमचा वाटा अंदाजे ११२ मायक्रॉन पीव्ही येतो. हा वाटा अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. आता आरसा अक्षाच्या दिशेने, म्हणजे अक्षाकडे किंवा त्यापासून दूर, फक्त ०.१ मिमी सरकलाय असं समजा. २०० मध्ये ०.१ म्हणजे दोन हजारात एक, आणि वर्ग असल्यामुळे परिणाम त्याच्या दुप्पट, म्हणजे हजारात एक. ११२ मायक्रॉनचा हजारावा भाग ११२ नॅनोमीटर. तुमचे ९० नॅनोमीटर एवढ्याशा सरकण्यात पूर्ण बसतात.

दुसरी हालचाल म्हणजे आरसा स्वतःच्या मध्याभोवती फिरणं, ज्याला आपण क्लॉकिंग म्हणतो. एक आर्कमिनिट क्लॉकिंग चुकलं तर याच उदाहरणात सुमारे ६५ नॅनोमीटर पीव्ही ॲस्टिग्मॅटिझम येतो, मात्र ४५ अंशात वळलेला. म्हणून पहिल्यांदा बघायचं ते ॲस्टिग्मॅटिझम किती आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेला आहे. त्याचे कणे मूळ अक्षाकडे जाणाऱ्या रेषेला समांतर आणि लंब असतील, तर अक्षाच्या दिशेने सरकण्यावर संशय घ्या. ४५ अंशात असतील तर क्लॉकिंगवर, किंवा त्या रेषेला काटकोनात आडवं सरकण्यावर. हे शेवटचे दोन एकमेकांची भरपाई करतात, कारण मूळ आरसा त्याच्या अक्षाभोवती सगळीकडून सारखाच असतो. त्यामुळे दोन्ही नॉब घेऊन झगडू नका. आडवी जागा यांत्रिक खुणेवर पक्की करा आणि फक्त क्लॉकिंग हलवा.

जागेच्या चुकीची आणखी एक ओळख आहे. अक्षाच्या दिशेने सरकलेल्या आरशात ॲस्टिग्मॅटिझम एकटा येत नाही, ठरावीक प्रमाणात कोमा, म्हणजे एका बाजूला झुकलेला दोष, सोबत घेऊन येतो. वरच्या उदाहरणात कोमाचा झर्निकी गुणांक (दोषाच्या प्रत्येक प्रकाराचं प्रमाण सांगणारा आकडा) ॲस्टिग्मॅटिझमच्या गुणांकाच्या सुमारे आठव्या भागाएवढा असतो आणि त्याचं चिन्हही ठरलेलं असतं. ९० नॅनोमीटर पीव्ही म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा गुणांक ४५ नॅनोमीटर, म्हणजे कोमाचा साडेपाच-सहा नॅनोमीटर दिसायला हवा. एका मापात तो हवेच्या हलण्यात हरवतो, पण तीस-चाळीस मापांची सरासरी घेतली की स्पष्ट वर येतो. तुमच्याकडे ॲस्टिग्मॅटिझम आहे आणि सोबतचा कोमा मुळीच नाही, असं निघालं तर जागेवरचा माझा संशय कमी होईल आणि मी माउंटकडे वळेन.

आता ‘काही केल्या जात नाही’ याबद्दल. बहुतेक जण टिल्टचे दोन नॉब आणि फोकसचा एक, एवढेच हलवतात. बाजूला सरकवायला हात धजत नाही, आणि त्याचं कारण मला समजतं. वरच्या आरशाला ०.१ मिमी सरकवलं की चांगल्या सैल फ्रिंजेस (इंटरफेरोमीटरवर दिसणारे उजळ-गडद पट्टे) जाऊन पडद्यावर जवळजवळ पन्नास दाट फ्रिंजेस येतात आणि वाटतं की सगळी अलाइनमेंट हातची गेली. तसं काही झालेलं नसतं. सुमारे २० आर्कसेकंद टिल्ट उलटा दिला की फ्रिंजेस परत सैल होतात, थोडा फोकस लावला की पॉवरही जाते. मग उरलेला आकार बघा. तो बदललेला असेल.

हे मी नेहमी अंदाजाने न करता मोजून करतो. आरसा एका दिशेने ०.०५ मिमी सरकवायचा, टिल्ट-फोकस लावून घ्यायचा, झर्निकी गुणांक लिहून ठेवायचे. मग तेवढंच उलट्या दिशेने. मग क्लॉकिंगला अर्धा आर्कमिनिट इकडे, अर्धा तिकडे. अर्ध्या दिवसात एक छोटा तक्ता तयार होतो: कोणत्या हालचालीने कोणता गुणांक किती बदलतो. हाच तक्ता ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येही काढा आणि दोन्ही जुळतात का ते पडताळा. जुळले तर तुमची मांडणी तुम्हाला कळली असं समजा. नाही जुळले, तर बहुधा कुठेतरी चिन्ह किंवा डावं-उजवं उलटलंय, आणि ते सापडेपर्यंत कुठल्याही निकालावर सही करू नका. तक्ता हाती आला की उरलेला ॲस्टिग्मॅटिझम घालवायला आरसा किती सरकवावा लागेल, ते सरळ गणिताने निघतं.

समजा उत्तर आलं ०.०८ मिमी. मग आरसा चांगला की वाईट? हे सर्वस्वी ड्रॉइंगवर अवलंबून आहे. ऑफ-ॲक्सिस अंतराला ०.१ मिमी किंवा जास्त सूट असेल आणि उपकरणात आरसा तेवढा सरकवायची सोय असेल, तर तो आरसा पास आहे. भरपाई करून उरलेला आकार मोजा आणि अहवालात किती सरकवला ते लिहा. पण आरसा पिनांवर बसणार असेल आणि जुळणी करताना हलवता येणार नसेल, तर पृष्ठभाग कितीही सुंदर असो, तो डेटमच्या (जागा ठरवणाऱ्या यांत्रिक खुणांच्या) तुलनेत चुकीच्या जागी पॉलिश झालाय आणि ती चूक आरशाचीच आहे. मापन दोन्ही वेळा तेच असतं, निकाल वेगळा. म्हणून आरसा सरकवण्याआधी त्याच्या कडा किंवा डेटम होलोग्रामच्या तुलनेत कुठे आहेत याची नोंद हवी. चांगल्या होलोग्रामवर मुख्य नक्षीशिवाय छोट्या नक्ष्या असतात, ज्या आरशाच्या जागी क्रॉस किंवा ठिपके पाडतात. तुमच्यावर त्या नसतील तर पुढचा होलोग्राम मागवताना आवर्जून सांगा. त्याच काचेवर येतात, आणि नंतरचे वाद वाचतात.

होलोग्राम आणि इंटरफेरोमीटर यांची आपसातली अलाइनमेंट तुम्ही केली असेलच, पण एकदा खात्री करा. मुख्य नक्षीभोवती जी परावर्तक रिंग असते, ती ट्रान्समिशन स्फीअरमधून (इंटरफेरोमीटरच्या तोंडाशी असलेल्या भिंगातून) आलेला प्रकाश थेट परत पाठवते. आधी तिच्या फ्रिंजेस पूर्ण शून्यावर आणायच्या आणि मगच आरशाला हात लावायचा. आरशाशी खेळून झाल्यावर रिंग पुन्हा तपासा. टेबलावर हात टेकल्याने होलोग्रामचा स्टँड हललेला मी अनेकदा पाहिलाय.

आणि योग्य ऑर्डर पकडलीय का? होलोग्राम प्रकाशाला एकाच वेळी अनेक दिशांना वळवतो, त्यातली प्रत्येक म्हणजे एक ऑर्डर. इंटरफेरोमीटरच्या फोकसजवळ पांढरं कार्ड धरा. परत आलेल्या प्रकाशाचे लाल ठिपके रांगेत दिसतात, काही ठळक, काही पुसट, काही पसरलेले. होलोग्रामच्या नक्षीत मुद्दाम घातलेल्या टिल्टमुळे ऑर्डर्स अशा वेगळ्या होतात, आणि छिद्रातून आपल्याला हवी तीच आत सोडायची असते. चुकीची ऑर्डर सहसा भलत्याच वाकड्या फ्रिंजेस देते, त्यामुळे फसायला होत नाही. शेजारच्या ऑर्डरचा थोडासा भाग छिद्रातून आत डोकावत असेल तर मात्र नकाशाच्या एका कडेला बारीक लहरी दिसतात. तुमच्या वर्णनात त्या नाहीत, म्हणून इथे थांबत नाही.

आता होलोग्रामवाल्यांचं म्हणणं. नक्षीबद्दल ते बहुधा खरं बोलतायत. रेषा जागेवरून किती ढळली भागिले तिथलं रेषांचं अंतर, गुणिले तरंगलांबी: पहिल्या ऑर्डरमध्ये एका फेरीत वेव्हफ्रंटची एवढी चूक होते. प्रकाश होलोग्राममधून दोनदा जातो, आणि आरशावरची चूक परत आलेल्या वेव्हफ्रंटच्या निम्मी धरतात, त्यामुळे हाच आकडा सरळ पृष्ठभागाच्या चुकीचा होतो. रेषांचं अंतर २० मायक्रॉन, रेषा ०.१ मायक्रॉन ढळली, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर: उत्तर सुमारे ३ नॅनोमीटर. ९० नॅनोमीटरसाठी रेषा जवळजवळ ३ मायक्रॉन ढळायला हव्यात. चिपचे मास्क लिहिणाऱ्या यंत्रांवर असं होत नाही.

पण काचेबद्दल त्यांना वेगळं विचारा. ज्या काचेवर नक्षी लिहिलीय तिची जाडी आणि एकसंधता बिनचूक नसते, आणि तिची चूकही याच हिशोबाने पूर्ण आरशाच्या खात्यात जमा होते. काचेने एका फेरीत तरंगलांबीच्या दहाव्या भागाची चूक घातली, तर ६३ नॅनोमीटर तिथेच झाले. होलोग्रामसोबत काचेच्या वेव्हफ्रंटचा नकाशा आला असेल तर तो मापातून वजा केलाय का ते बघा, आणि वजा करताना नकाशा आरशासारखा उलटा तर नाही ना, तेही. ॲस्टिग्मॅटिझमचा नकाशा उलटा वजा झाला तर चूक दुप्पट होऊ शकते. नकाशा आला नसेल तर क्रोमच्या होलोग्रामला दोन फ्लॅटमध्ये (अचूक सपाट काचांमध्ये) ठेवून शून्य ऑर्डरमध्ये, म्हणजे न वळता सरळ जाणाऱ्या प्रकाशात, तुम्हीच मोजू शकता. कोरलेल्या फेज होलोग्राममध्ये मी शून्य ऑर्डरवर आंधळा भरवसा ठेवत नाही, कारण कोरण्याची खोली आणि रेषांची रुंदी बदलली की शून्य ऑर्डरचा वेव्हफ्रंटही बदलतो. अशा होलोग्रामसाठी लिहिण्याआधी मोजलेला कोऱ्या काचेचा नकाशा मागा.

काच कशाची आहे हेही विचारा. फ्यूज्ड सिलिका १ अंश तापमानाने ७५ मिमीच्या अंतरावर जेमतेम ०.०४ मायक्रॉन वाढते. साधी सोडा-लाइम काच तेवढ्यातच ०.७ मायक्रॉनच्या आसपास वाढते, आणि २० मायक्रॉनच्या रेषांना त्याचे २० नॅनोमीटरहून जास्त होतात.

पॉलिशिंगवाल्यांचा प्रोफाइलोमीटर खोटं सांगत नसेल, पण त्याला बहुधा हा प्रश्न विचारलेलाच नाही. एका व्यासावरून सुई फिरवली तर त्या रेषेवर ॲस्टिग्मॅटिझम फक्त पॅराबोलासारखा वाक म्हणून दिसतो. सॉफ्टवेअर सगळ्यात जवळची त्रिज्या बसवतं आणि तो वाक त्या त्रिज्येत गडप होतो. उरलेला आलेख सपाट येतो, सगळे खूश. त्यांना विचारा: किती रेषा घेतल्या, कोणत्या दिशांना, आणि प्रत्येक रेषेला त्रिज्या वेगळी बसवली का. दोन लंब दिशांच्या रेषा घेऊन दोन्हींना डिझाइनचाच आकार सक्तीने लावला असेल, तर त्यांच्या मापाला वजन आहे. एकच रेषा असेल तर या वादात ते माप बाजूला ठेवा.

माउंट हा माझ्या लेखी तुमच्याकडचा मुख्य संशयित आहे, कारण पुन्हा बसवल्यावर आकडा बदलतो असं तुम्हीच लिहिलंय. काच घट्ट असते, पण ९० नॅनोमीटर वाकायला फार जोर लागत नाही. एका आरशावर मी दोन दिवस असाच ॲस्टिग्मॅटिझम शोधत होतो. शेवटी बाजूचा नायलॉनच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा सैल केला आणि पडद्यावर तो घोड्याच्या जिनासारखा आकार माझ्या डोळ्यांसमोर वितळत गेला. आरसा तसाच होता, होलोग्राम तसाच. त्यानंतर मी नियम करून घेतला: आरसा तीन बिंदूंवर टेकलेला, बाजूचे स्क्रू फक्त पडण्यापासून अडवण्यापुरते, आणि कोणतंही माप मान्य करण्याआधी आरसा पाच वेळा पूर्ण काढून पुन्हा बसवायचा. पाचही नकाशांची सरासरी हा माझा अंदाज, आणि त्यांच्यातला फरक ही माझी अनिश्चितता. तुमचे पाच नकाशे आपसातच ४० नॅनोमीटरने वेगळे आले, तर ९० नॅनोमीटर कोणाचे यावर बोलायची वेळ अजून आलेली नाही. स्क्रू सैल करताना जागाही हलते, म्हणून दर वेळी वरच्या तक्त्याने जागेचा वाटा काढून मगच तुलना करा.

एवढं करूनही ॲस्टिग्मॅटिझम टिकला, तर एक स्वतंत्र तपासणी करा, आणि ती खरोखर स्वतंत्र हवी. हबल दुर्बिणीच्या मुख्य आरशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग कमी सांगितला जातो. आरसा ज्या नल करेक्टरवर (होलोग्रामसारखंच काम करणाऱ्या भिंग-आरशांच्या मांडणीवर) घडवला त्यातली एक भिंग १.३ मिमी चुकीच्या अंतरावर होती. दुसऱ्या, कमी अचूक समजल्या जाणाऱ्या नल करेक्टरने विसंगती दाखवली होती, पण त्याचं म्हणणं मागे पडलं, आणि १९९० मध्ये ते चित्रांत दिसलं. उलट जायंट मॅजेलन दुर्बिणीच्या ८.४ मीटरच्या ऑफ-ॲक्सिस आरशांचा गोलापासूनचा फरक सुमारे १४ मिमी आहे. त्यांची मुख्य तपासणी सीजीएच असलेल्या मांडणीवर होते, आणि सोबत पेंटाप्रिझम फिरवून आणि लेझर ट्रॅकरने, म्हणजे होलोग्राम अजिबात न वापरता, कमी ऑर्डरच्या चुका पडताळल्या जातात. तुमच्या आकाराला एवढा डोलारा नको. आरसा खरोखर पॅराबोला असेल तर एक चांगला फ्लॅट घेऊन ऑटोकोलिमेशनमध्ये, म्हणजे आरशाकडून आलेला समांतर प्रकाश फ्लॅटवरून त्याच वाटेने परत पाठवून, तपासा, होलोग्रामचा प्रश्नच मिटतो. नसेल तर दोन लंब दिशांचे प्रोफाइल, डिझाइनच्या आकाराला बांधून.

म्हणजे क्रम असा धरा: रिंग, मग माउंट आणि पाच वेळा बसवणं, मग हालचालींचा तक्ता, मग काचेचा नकाशा, मग स्वतंत्र तपासणी. पहिले दोन एका दिवसात होतात, आणि मला वाटतं तुमचं उत्तर बहुतेक तिथेच किंवा तक्त्यात सापडेल.

आणि शेवटी खरंच पॉलिशला पाठवायची वेळ आली, तर नकाशा तसाच पाठवू नका. सीजीएचमधून दिसणारं चित्र आरशाच्या तुलनेत ताणलेलं असतं, एका बाजूला दाटलेलं, दुसऱ्या बाजूला पसरलेलं. ऑफ-ॲक्सिसमध्ये हे जास्तच होतं. मी स्वतः हे न सुधारता एकदा नकाशा दिला होता. दोन फेऱ्या पॉलिशिंग झालं आणि उंचवटा कमी होण्याऐवजी त्याच्या शेजारी खड्डा तयार झाला, कारण टूल ४ मिमी बाजूला घासत होतं. आता मी आरशाच्या कडेला ठरावीक जागी टेपचे बारीक तुकडे लावतो, मध्ये मोजून छिद्रं पाडलेला मास्क ठेवतो, कॅमेऱ्यात ते कुठल्या पिक्सेलवर येतात ते टिपतो आणि नकाशा त्यावरून सरळ करून घेतो. टेपच्या तुकड्यांपैकी एक मुद्दाम वेगळ्या आकाराचा ठेवतो, म्हणजे चित्र उलटलंय का तेही कळतं.

उंच-खोल यांचं चिन्हही हातानेच तपासा. आरशासमोर, बीमच्या खालच्या कडेशी, तळहात क्षणभर धरा. हातावरून वर चढणारी गरम हवा विरळ असते, तिच्यातून प्रकाशाची वाट थोडी आखूड होते, आणि नकाशावर ती जागा उंच दिसायला हवी. खोल दिसली तर चिन्ह उलटं आहे. साध्या काचेचा आरसा असेल तर त्याच्या कडेला बाहेरून बोट दहा सेकंद टेकवा, तिथे हळूच उंचवटा येईल. झेरोड्यूरसारख्या न प्रसरणाऱ्या काचेत तो येणार नाही, तिथे हवेचीच खूण वापरा. हे चिन्ह, टेपच्या खुणांचा फोटो आणि सरळ केलेला नकाशा, तिन्ही एकाच कागदावर पॉलिशिंगवाल्यांना द्या.